सात आठवडे टाकीत राहिलेलं रेस फ्युएल: एका ट्रॅक बाईकचं प्रकरण

तिसऱ्या लॅपला लांब डाव्या वळणातून बाहेर येताना मित्राने थ्रॉटल उघडला आणि गाडीने ओढच सोडली. बंद नाही पडली, आवाज होता, आरपीएम दिसत होता, पण जोर शून्य, आणि मग दीड-दोन सेकंदांनी पॉवर एकदम झटक्यात परत आली आणि मागचं चाक सरकलं. त्याने सावरली कशीबशी. मागून येणारा अगदी खेटून गेला. पिटमध्ये आला तेव्हा हेल्मेट न काढताच तो गाडीला टेकून उभा राहिला, दोन मिनिटं काही बोललाच नाही, आणि त्याला असं मी आधी कधी बघितलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण शेवटपर्यंत खणून काढायचं ठरवलं आणि आता सगळं लिहितोय, कारण ज्या गोष्टीमुळे हे झालं ती आम्हा दोघांनाही सात आठवडे माहीत होती, फक्त ती धोक्याची आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

गोष्ट एवढीच की मागच्या ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) उरलेलं ७ लिटर रेस फ्युएल, म्हणजे रेसच्या इंजिनांसाठीचं खास पेट्रोल, त्याने टाकीतच ठेवलं होतं.

आधी गाडीबद्दल. ६०० सीसी, चार सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, १७ लिटरची स्टीलची टाकी, हेड थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, आणि ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे कधी किती फ्युएल सोडायचं याचा तक्ता, याच फ्युएलवर बसवलेला. फ्युएल अनलेडेड (शिसं नसलेलं), ऑक्सिजनेटेड, म्हणजे ज्याच्यात एथॅनॉल किंवा ईथरसारखे ऑक्सिजन असलेले घटक मुद्दाम घातलेले असतात त्या प्रकारातलं. आमच्या डब्यातल्या फ्युएलमध्ये जवळपास १० टक्के एथॅनॉल आहे हे आम्ही नंतर स्वतः मोजलं, ते पुढे सांगतो. एक गोष्ट मात्र नशिबाने चांगली घडली होती. मागच्या ट्रॅक डेला त्याच डब्यातून टाकीत भरलं होतं आणि उरलेलं ८ लिटर त्याच डब्यात झाकण घट्ट लावून ठेवलं होतं. म्हणजे एकच फ्युएल, एकच शेड, तेच सात आठवडे, एक हिस्सा बंद डब्यात आणि एक हिस्सा गाडीच्या टाकीत. तुलना करायला याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार.

हा प्रसंग घडला त्या दिवशी सकाळी पहिली खूण मिळालीच होती. गाडी एरवी बटण दाबलं की लागते, त्या दिवशी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला, लागल्यावरही गरम होईपर्यंत अडखळत होती. मी म्हटलं, "अरे, जुनं आहे ना आतलं, काढूया का?" तो म्हणाला, "सात लिटर आहे, एक सेशन आरामात होईल, नंतर ताजं भरू." मी गप्प बसलो. गरम झाल्यावर आयडल छान बसलं, थ्रॉटलला उत्तरही बरं देत होती, म्हणून सोडलं. ते चुकलं.

पिटमध्ये आल्यावर नेहमीचे संशयित आधी तपासले. किल स्विचचं कनेक्शन, गाडी पडली तर इंजिन बंद करणारा सेन्सर, क्विकशिफ्टरची वायर, थ्रॉटल सेन्सर. सगळं ठीक. मग गाडीचा डेटा नोंदवणारा लॉगर उघडला आणि चित्र बरंच स्पष्ट झालं: त्या दीड-दोन सेकंदांत आरपीएमचा सिग्नल सलग आहे, ईसीयू इंजेक्टरला पल्स देतोय, थ्रॉटल उघडा आहे, आणि लॅम्ब्डा (एक्झॉस्टवरून हवा-फ्युएलचं प्रमाण दाखवणारा आकडा) मात्र एकदम लीनकडे, म्हणजे फ्युएल कमी पडल्याच्या बाजूला, जाऊन स्केलच्या टोकाला चिकटलाय. म्हणजे ईसीयू मागतोय पण जळण्यासारखं काही सिलिंडरमध्ये पोचत नाहीये. साहजिकच पंपावर संशय. गेज लावला, प्रेशर ३ बार, काटा हलायला तयार नाही. इथे आमचा तासभर वाया गेला, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण बऱ्याच जणांचा जाईल. गेज फक्त दाब सांगतो, नळीत काय वाहतंय ते सांगत नाही. पंपाने पाणी ढकललं तरी काटा ३ वरच राहणार.

पॅडॉकमध्ये एक वयस्कर ट्यूनर असतात, सगळे त्यांना काका म्हणतात. ते शेजारी उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "गेज काढा बाळांनो, आणि टाकीच्या तळातलं काचेच्या बरणीत घ्या." घेतलं. वरचं स्वच्छ, हलक्या रंगाचं, आणि खाली बोटभर जाडीचा गढूळसर थर, बरणी तिरकी केली की तेलासारखा सावकाश सरकणारा. काका काही बोलले नाहीत, फक्त बरणी मित्राच्या हातात दिली.

त्या दिवसाचं रायडिंग तिथेच संपवलं. टाकी उघड्यावर नेऊन पूर्ण रिकामी केली, वरचा थर वेगळा आणि खालचा वेगळा असा दोन धातूच्या डब्यांत घेतला, आणि घरी येऊन तीन नमुने शेजारी ठेवले: बंद डब्यातलं, टाकीतला वरचा थर, टाकीतला खालचा थर. रात्रभर एकाच जागी ठेवले म्हणजे तापमान सारखं होईल, नाहीतर घनतेच्या तुलनेला अर्थ उरत नाही.

खालचा थर पाण्याचा आहे का हे बघायला सोपी युक्ती आहे, पाण्यात विरघळणाऱ्या खायच्या रंगाचे दोन थेंब टाकायचे. वरच्या थरातून थेंब तसाच गोल गोळीसारखा खाली गेला, आणि खालच्या थराला टेकला तसा फुटून पसरला, सगळा थर लाल. पण तो नुसतं पाणी नव्हता. एकूण दोन-अडीचशे मिली भरला, आणि एवढं पाणी टाकीत गेलेलं असणं शक्य वाटत नव्हतं. त्यात मुख्यतः एथॅनॉल होतं, पाण्याने ओढून आणलेलं.

हे नीट समजून घ्यायला हवं. एथॅनॉल पेट्रोलमध्येही मिसळतं आणि पाण्यातही. थोडं पाणी आलं तर एथॅनॉल त्याला धरून ठेवतं आणि सगळं एकजीव राहतं, डोळ्याला काहीच दिसत नाही. पण याला मर्यादा आहे. १० टक्के एथॅनॉलवाल्या पेट्रोलमध्ये १५ अंश तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, थंडीत त्याहून कमी. त्याच्यावर गेलं की एथॅनॉल बाजू बदलतं, पेट्रोल सोडून पाण्यासोबत तळाला जाऊन बसतं. याला फेज सेपरेशन म्हणतात, आणि एकदा झालं की टाकी हलवून किंवा ताजं ओतून ते नीट परत जुळेल अशी आशा करू नये. आता तोटा दोन्हीकडून: तळाला इंजिनात नीट न जळणारं मिश्रण, आणि वर एथॅनॉल गमावलेलं, म्हणजेच ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता) घटलेलं पेट्रोल. वाढवलेल्या कॉम्प्रेशनच्या इंजिनला हे दुसरं जास्त घातक आहे, कारण गाडी चालते, बरी चालते, आणि आत डेटोनेशन, म्हणजे फ्युएलचं स्फोटासारखं अवेळी पेटणं, सुरू असतं.

वरच्या थरातलं एथॅनॉल खरंच गेलंय का हे मोजलं. मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी, त्यावर ९० मिली फ्युएल, जोरात हलवायचं, टोपण जपून उघडून आतला दाब सोडायचा आणि थर बसू द्यायचे. फ्युएलमधलं एथॅनॉल पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेषा तेवढी वर चढते. बंद डब्यातल्या नमुन्याची रेषा १० वरून साडेअठराला आली, म्हणजे जवळपास १० टक्के एथॅनॉल जागेवर. टाकीतल्या वरच्या थराची रेषा १४ ला थांबली. अर्ध्याहून जास्त एथॅनॉल गेलेलं. मित्र ती दोन सिलिंडर शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसला होता.

मग हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायचं साधन. डब्यातलं ०.७३८, टाकीतला वरचा थर ०.७४४. आकडा छोटा वाटतो, पण विचार करा, वरच्या थरातून एथॅनॉल निघून गेलंय आणि एथॅनॉल पेट्रोलपेक्षा जड, ०.७८९, म्हणजे घनता कमी व्हायला हवी होती. उलट वाढली. याचा अर्थ हलके घटक उडून गेले. पेट्रोल हा एकच पदार्थ नसतो, त्यात २८ अंशाला उकळणाऱ्या आयसोपेंटेनपासून ११० अंशाला उकळणाऱ्या टोल्युइनपर्यंत आणि त्याच्याही वरचं बरंच काही असतं. थंड इंजिन पहिल्या ठिणगीला पेटतं ते हलक्या घटकांच्या जीवावर. हलका भाग साधारण ०.६३ घनतेचा धरून माझा हिशोब असा आला की ७-८ टक्के फ्युएल हवेत गेलं असावं, अर्धा लिटर म्हणा. सकाळी स्टार्टर का फिरवावा लागला त्याचं उत्तर हे.

गाडीची टाकी श्वास घेते, तिला घ्यावाच लागतो, नाहीतर पंप चालल्यावर आत व्हॅक्यूम होईल. दिवसा शेडचा पत्रा तापतो, टाकीतली वाफ फुगून व्हेंटमधून बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची हवा आत येते, आणि टाकीत ७ लिटर फ्युएलवर १० लिटरची मोकळी जागा असेल तर हा भाता मोठा असतो. सात आठवडे म्हणजे ४९ वेळा. डब्याचं झाकण गॅस्केटवर बंद, त्याचा श्वासच नाही, म्हणून त्यातलं फ्युएल जसंच्या तसं.

आता पाणी आलं कुठून? बहुतेक जण लगेच म्हणतात, हवेतलं बाष्प, एथॅनॉल ओढून घेतं. मीही आधी हेच म्हणालो. पण मग कागदावर मांडलं. ३० अंशाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी असतं, म्हणजे १० लिटर हवेत ०.३ ग्रॅम. रोज सगळी हवा बदलली आणि त्यातला प्रत्येक थेंब फ्युएलमध्ये उतरला असं अगदी ताणून धरलं तरी ४९ दिवसांत १५ ग्रॅम होतात. आणि ७ लिटर फ्युएल तर ३५ मिलीपर्यंत पाणी पोटात घेऊन गप्प बसू शकतं. हवेवर ढकलून हे प्रकरण मिटत नव्हतं. पाणी पाण्याच्याच वाटेने आलं असणार.

वाट सापडली झाकणाजवळ. टाकीच्या तोंडाभोवती एक गोल खोलगट पन्हळ असते, तिच्यात बारीक भोक असतं, आणि तिथून एक नळी टाकीच्या आतून खाली रस्त्यावर जाते, म्हणजे झाकणावर पडलेलं पाणी वाहून जावं. मित्राच्या गाडीत ही नळी टाकीच्या बुडाशी, फ्रेमला टेकते तिथे, चेपली गेली होती, बहुतेक मागे कधी टाकी काढून बसवताना, आणि वरचं भोक धूळ आणि टायरच्या रबराच्या कणांनी बुजलेलं. पन्हळीत सिरिंजने ५० मिली पाणी ओतलं, झाकणाच्या आतून कोरडा टिश्यू चिकटवला आणि अर्धा तास थांबलो. खालून काहीच आलं नाही. टिश्यू भिजून लोंबत होता.

म्हणजे झाकणाचं सीलही गेलं होतं. साधं नायट्राइल रबर अशा फ्युएलमध्ये आणि त्याच्या वाफेत फुगतं, मग गाडी उभी राहिली की सुकून आकसतं, दोन-चार वेळा असं झालं की त्याची कड कडक होते आणि पकड जाते. हातात घेऊन बोटाने दाबलं तर ते परत वर येत नव्हतं.

मग मागच्या ट्रॅक डेची संध्याकाळ आठवली. गाडी ट्रॅकवरून आली, टाकी चांगली गरम होती, आणि आम्ही ती तशीच प्रेशर वॉशरने धुतली. पन्हळ पाण्याने भरली, नळी बंद, पाणी तिथेच उभं. गार पाण्याने टाकी झपाट्याने थंड झाली, आतली हवा आणि वाफ आकसली, आणि निकामी सीलच्या कडेने ते पाणी आत ओढलं गेलं. त्याच आठवड्यात त्याने अजून एकदा धुतली होती, फेअरिंगवरचे किडे काढायला. दोन धुण्यांत ५०-६० मिली जाणं मला पटतं.

आता एक कोडं उरलं: तळाला पाणी होतं तर गाडी मुळात सुरू कशी झाली, आणि तीन लॅप कशी गेली? स्टीलच्या टाक्या एअरबॉक्सवर बसतात, म्हणून बूड सपाट नसतं, पुढे एक खळगा आणि मागे एक, मध्ये उंचवटा. पंप मागच्या खळग्यात, आणि त्याची जाळी तळापासून थोडी वर. सात आठवडे गाडी साइड स्टँडवर, डावीकडे झुकलेली, त्यामुळे जड थर बराचसा पुढच्या डाव्या कोपऱ्यात जमला होता. तिथेच नंतर नाण्याएवढा गंजाचा डाग सापडला, बाकी टाकी आतून स्वच्छ. वळणात झुकल्यामुळे तो थर हलला असेल असं मित्राचं म्हणणं होतं, पण तसं नसतं, बाईक वेगात वळणात झुकते तेव्हा टाकीतल्या द्रवाला जोर गाडीच्या बुडाकडेच जाणवतो, तो बाजूला वाहत नाही. तो हलतो ब्रेकला आणि थ्रॉटलला. जोरात ब्रेक मारला की सगळं पुढे, थ्रॉटल उघडला की सगळं मागे. पहिल्या दोन लॅपमध्ये तो टायर गरम करत सावकाश होता. तिसऱ्या लॅपला पहिल्यांदा पूर्ण जोराने बाहेर पडला, पुढचा थर उंचवटा ओलांडून मागे आला आणि पंपाने तोच उचलला. एथॅनॉलला जळायला हवा कमी लागते, पेट्रोलच्या १४.७ च्या जागी ९, म्हणजे तेवढ्याच हवेत त्याचं प्रमाण कितीतरी जास्त पाहिजे, वर त्यात पाणी. लॅम्ब्डा टोकाला का गेला ते उघड आहे.

नुकसान काय झालं, तर जेवढी भीती होती तेवढं नाही. पंपाच्या जाळीवर पांढरट चिकट पापुद्रा होता आणि तिची कड फुगली होती, पंप चालताना आवाज बदललेला, म्हणून दोन्ही बदलले. इंजेक्टर फ्लो बेंचवर तपासले, चारही सारखे, स्प्रे चांगला. मी चारही खराब असतील असं धरूनच चाललो होतो, पण इंजेक्टरना फ्युएल पुरवणारी रेल बंद असते, तिथलं फ्युएल उडून जात नाही. प्लगच्या चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे चकाकते कण (डेटोनेशनने पिस्टन खराब झाला की दिसतात ते) नव्हते, बोरस्कोपने पिस्टनही नीट दिसले. तीन लॅपवर थांबलो म्हणून. पूर्ण सेशन घटलेल्या ऑक्टेनवर ताणलं असतं तर हे वाक्य मला लिहिता आलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

कार्ब्युरेटरवाल्यांनी मात्र इंजेक्टरच्या निकालावर विसंबू नये. त्याच शेडमध्ये मित्राच्या भावाची छोटी टू-स्ट्रोक उभी होती, तेच फ्युएल, त्यात ऑइल मिसळून, भरलेलं. फ्लोट बाउलमध्ये (कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत) थोडंसंच फ्युएल आणि वर व्हेंट उघडा, त्यामुळे टाकीच्या कितीतरी आधी बाउल खराब होतो. उघडला तर फ्युएल उडून गेलेलं आणि तळाला मधासारखं घट्ट ऑइल, आयडलचं फ्युएल सोडणारं पायलट जेट पूर्ण बंद. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. अशा गाडीचा बाउलचा ड्रेन स्क्रू त्याच संध्याकाळी सोडायचा, एवढं साधं आहे.

काकांशी नंतर फोनवर बोललो. ते म्हणाले, "आमच्या वेळी वर्षभर ठेवायचो रे, काही व्हायचं नाही." आणि ते खरंच सांगत होते. त्यांच्या वेळचं म्हणजे लेडेड, ऑक्सिजनेट नसलेलं फ्युएल. त्यात घालायच्या शिशाच्या संयुगाचा, टेट्राएथिल लेडचा, नॉक (डेटोनेशन) थांबवणारा गुण १९२१ मध्ये सापडला आणि त्यानंतर कित्येक दशकं रेसिंग त्याच्यावरच चाललं, मोटरसायकल ग्रां प्रीमध्ये अनलेडेड सक्तीचं झालं ते १९९८ ला. त्या फ्युएलमध्ये पाणी ओढणारं अल्कोहोल नव्हतं, डिंक तयार करणारे ओलेफिन कमी, म्हणून बंद डब्यात अंधारात ते आजही बराच काळ टिकतं. उन्हात मात्र लेडचं संयुग तुटतं, आणि उघड्या टाकीत हलके घटक त्याचेही उडतातच. आज "रेस फ्युएल" या एकाच नावाखाली इतके वेगवेगळे प्रकार येतात की जुना सल्ला कुठल्या फ्युएलबद्दल होता हे विचारल्याशिवाय वापरूच नये. मिथेनॉलवर चालणाऱ्या गाडीला तर एक रात्रही जास्त, ते अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम खातं. जास्त एथॅनॉलचं मिश्रण असेल तर फायबरग्लासची टाकी किंवा आतून कोटिंग केलेली टाकी मऊ पडून सोलते, आणि ते पापुद्रे थेट पंपाच्या जाळीवर. आपल्या डब्याची डेटा शीट वाचावी, घनता आणि ऑक्सिजनचं प्रमाण त्यावर बहुतेक दिलेलं असतं.

मित्राने विचारलं, स्टॅबिलायझर टाकलं असतं तर? स्टॅबिलायझर मुख्यतः अँटिऑक्सिडंट असतं, ऑक्सिडेशन आणि डिंक लांबवतं. उडणारे घटक ते धरून ठेवत नाही आणि तळाला गेलेलं एथॅनॉल परत वर आणत नाही. आमच्या प्रकरणात त्याचा शून्य उपयोग झाला असता. टाकी फुल ठेवली असती तर? वाफेचा भाता लहान झाला असता, हे बरोबर, आणि १७ लिटरमध्ये तेवढं पाणी कदाचित मावलंही असतं, पण पाणी आत यायची वाट तशीच उघडी राहिली असती.

आता आम्ही काय करतो ते. ट्रॅक डे संपला, इंजिन आणि एक्झॉस्ट हात लावण्याइतके गार झाले की लगेच, घरी जाऊन बघू वगैरे नाही. उघड्या हवेत, कारण वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते, पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशाच्या आसपास आहे. धातूचा डबा जमिनीवर ठेवायचा, गाडीच्या सीटवर किंवा प्लास्टिकच्या ताडपत्रीवर नाही, आणि डबा व फ्रेम एका वायरने जोडायची म्हणजे स्टॅटिकची ठिणगी पडणार नाही. टाकी बल्बवाल्या सायफनने रिकामी करायची. तोंडाने कधीच ओढायचं नाही, आणि लेडेड असेल तर हातमोजे सक्तीचे, टेट्राएथिल लेड त्वचेतूनही शरीरात जातं. तळाला उरतं ते फ्युएल लाइनचा क्विक कनेक्टर काढून, तिथे डब्यात जाणारी नळी लावून पंपानेच काढायचं, इग्निशन चालू केलं की तो दोन-तीन सेकंद फिरतो, तसं काही वेळा. कनेक्टर काढताना त्यावर फडकं धरायचं, लाइनमध्ये दाब शिल्लक असतो. मग एक लिटर बिनएथॅनॉलचं साधं पेट्रोल टाकून आयडलवर चार-पाच मिनिटं, म्हणजे पंप, रेल आणि इंजेक्टरमधून ते फिरून येतं. फक्त आयडल, या कॉम्प्रेशनवर साध्या पेट्रोलला लोड द्यायचा नाही.

त्यानंतर टाकीत पेट्रोल ठेवायचं की ती कोरडी ठेवायची यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीत तथ्य आहे. दोन-चार आठवड्यांचा खंड असेल तर तेच साधं पेट्रोल लिटर-दोन लिटर आत राहू देतो, पंप पूर्ण कोरडा पडत नाही. सीझन संपला तर टाकी बिनएथॅनॉलच्या पेट्रोलने काठोकाठ, त्यात स्टॅबिलायझर, इथे ते खरंच कामाचं. तसं पेट्रोल मिळतच नसेल तर टाकी पूर्ण कोरडी करून आतून ऑइलचा हलका फवारा, नाहीतर उघडं स्टील आठवड्यात तांबूस होतं. आणि पुन्हा रेस फ्युएल भरेपर्यंत टँकच्या बाहेर टेपवर काय आत आहे ते लिहिलेलं असतं, कारण रेस मॅपवर आणि साध्या पेट्रोलवर कोणी चुकून ट्रॅकवर गेलं तर परत तोच प्रसंग.

काढलेलं फ्युएल मूळ डब्यात परत ओतत नाही, वेगळ्या छोट्या धातूच्या डब्यात, वर फुगायला ५ टक्के जागा सोडून, तारीख लिहून, थंड अंधाऱ्या जागी. वापरायच्या आधी बरणीत बघतो, पाण्याची चाचणी करतो, आणि मग प्रॅक्टिसला ताज्यात मिसळून संपवतो. पारदर्शक प्लास्टिकच्या कॅनमध्ये अजिबात नाही, उजेडही आत जातो आणि हलके घटकही भिंतीतून झिरपतात. त्या दिवसाचं खराब फ्युएल मात्र कशातच वापरलं नाही, दोन्ही डब्यांवर लेबल लावून धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रात दिलं.

टाकीतला गंज सायट्रिक अ‍ॅसिडच्या पातळ द्रावणाने काढला, धुवून गरम हवेने वाळवली, झाकणाचं सील फ्लुओरोकार्बन रबरचं नवं घातलं, नळी बदलून फ्रेमपासून लांब बांधली. पन्हळीचं भोक नायलॉनच्या जाड दोऱ्याने मोकळं केलं, तारेने नाही, आतली नळी टाकीच्या पोटातून जाते आणि तिला ओरखडा पडला तर तिथून पेट्रोल गळेल.

पुढच्या ट्रॅक डेला गाडी पहिल्या बटणाला लागली. तेच वळण, तोच थ्रॉटल, लॉगवर लॅम्ब्डाची रेषा सगळ्या सेशनभर सरळ. संध्याकाळी टाकी रिकामी करायला आम्हाला घड्याळ लावून १८ मिनिटं लागली, आणि त्याच्यानंतर मित्र खिशातून सिरिंज काढून पन्हळीत पाणी सोडत होता, खाली वाकून नळीच्या टोकाला हात धरून, तळहातावर थेंब पडेपर्यंत.